मोसंबीच्या साली आणि पोटाचं औषध

मोसंबीचा रस काढला की फळाचा जवळपास अर्धा भाग मागे उरतो: साल, तिच्या आतलं पांढरं अस्तर, चोथा, बिया. छत्रपती संभाजीनगर आणि शेजारचा जालना जिल्हा हा मोसंबीचा पट्टा. पैठण तालुक्यात पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार भरतो, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला या फळासाठी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. त्यामुळे शहरातल्या ज्यूस सेंटरांमागे दिवसभर साचणारा सालींचा ढीग इथे कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही. थोड्या साली गुरांपुढे पडतात, बाकीच्या घंटागाडीत जातात.

२०१८ च्या फेब्रुवारीत मात्र शहराला आपला कचरा बघावाच लागला. नारेगावच्या कचरा डेपोच्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, रस्तोरस्ती ढीग लागले, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली. त्यानंतर ओला कचरा वेगळा ठेवायची सवय हळूहळू लागली, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली आणि कांचनवाडीला बायोगॅसचा प्रकल्प उभा राहिला. मोसंबी-संत्र्याच्या साली बायोगॅसला फारशा मानवत नाहीत, ही गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते जिवाणूंना मारक ठरतं, आणि टाकीत अशा साली जास्त झाल्या की गॅस घटतो. सालीत काहीतरी जोरकस आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं. ते जोरकस पोटाच्या कामाचं आहे का, हा या लेखाचा प्रश्न.

या प्रश्नावर सध्या दोन टोकांची मतं ऐकू येतात. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये प्रत्येक फळाची साल प्रत्येक दुखण्यावर रामबाण असते; संत्र्याच्या सालीचा चहा गॅसवर, डाळिंबाच्या सालीची पूड जुलाबावर, केळ्याची साल बद्धकोष्ठावर. उलट शहरातले बरेच डॉक्टर हे सगळं एका वाक्यात झटकून टाकतात. मला दोन्ही पटत नाहीत. साल हे औषध असू शकतं, आणि आपल्याकडे ते शतकानुशतकं आहे. पण जी साल औषध ठरली ती कधीच कचऱ्यातून उचललेली नव्हती.

हिरड्याचंच बघा. हिरडा आणि बेहडा यांच्यात औषध असतं ते बीभोवतीच्या गरासालीत. बी काढून टाकायची असते. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधीकोशातही हिरड्याचा ग्राह्य भाग म्हणून हे फळाचं आवरणच दिलेलं आहे. त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर घेणारी लाखो माणसं मुख्यतः फळांची आवरणंच घेत असतात. घराघरांतल्या बाळगुटीत मुरडशेंग, वेखंड, जायफळ यांच्यासोबत हिरड्याचे चार वेढे उगाळले जातात तेही याच हिशेबाने. कोकणात आमसूल म्हणजे तर निव्वळ साल. रातांबा फोडायचा, बिया-गर बाजूला करायचा, सालीला रसाची पुटं देत उन्हात वाळवायचं. जड जेवणावर सोलकढी हवीच असं ज्या घरांत मानतात, तिथे फळाची साल हा पोटाचा उपाय आहे हे कुणी मुद्दाम सांगावं लागत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इसबगोलही बीवरचं टरफलच, आणि बद्धकोष्ठावर त्याचा उपयोग जगभरच्या चाचण्यांत सिद्ध झालेला आहे.

या तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. साल हाच माल म्हणून तो गोळा होतो, निवडला जातो, वाळवला जातो, आणि किती घ्यायचा हे पिढ्यांच्या वापरातून ठरलेलं असतं. ज्यूस सेंटरच्या मागच्या सालीला यातलं काहीच लागू नाही. फळांच्या सालींवरच्या पुष्कळशा लेखनात हा फरक पुसला जातो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आता एकेक साल घेऊ. सगळ्यात समृद्ध परंपरा डाळिंबाची. जुन्या शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानात डाळिंबसाल मागितली तर पोत्यातून चामड्यासारखे कडक, तपकिरी तुकडे निघतात. आतली बाजू फिकट पिवळी, तिच्यावर दाणे जिथे बसले होते तिथले खळगे. एक तुकडा जिभेवर ठेवला की क्षणात तोंड कोरडं पडतं, गालांची आतली बाजू ओढल्यासारखी होते. हा तुरटपणा म्हणजे सालीतल्या टॅनिनांनी लाळेतल्या प्रथिनांना पकडून गोळा केल्याची खूण. चामडं कमावतानाही हेच घडतं, म्हणून तर हिरडा चामड्याच्या धंद्यात इतका खपायचा. आतड्याच्या अस्तरावरही टॅनिन असंच काम करतं, पाझर आटवतं. अतिसारावर डाळिंबाची साल उगाळून ताकातून द्यायची घरगुती पद्धत याच गुणावर उभी आहे. आयुर्वेदात दाडिमाचा आणि युनानीत अनारच्या सालीचा वापर त्याच कारणासाठी सांगितलेला आहे.

आधुनिक प्रयोगशाळांनी या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं मोठ्या रेणूचं टॅनिन शोधलं. परीक्षानळीत आणि बशीत सालीचा अर्क जुलाब-हगवणीच्या कित्येक जिवाणूंची वाढ रोखतो, अशा निष्कर्षांचे ढीगभर शोधनिबंध आहेत. वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. बशीतल्या जिवाणूला अर्क थेट मिळतो. पोटात तो अन्नात मिसळतो, पातळ होतो, प्रथिनांना चिकटून बसतो. प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात फारसं जातच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात, आणि हे काम सगळ्यांच्या आतड्यात सारखं होत नाही. काहींच्या पोटात ते जिवाणूच नसतात. एकाच सालीचा दोघांना वेगळा अनुभव येतो त्याचं हे एक कारण असू शकतं. माणसांवरच्या नीट आखलेल्या चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. मोठ्या आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना सालीचा अर्क देऊन इराणमध्ये अशी एक चाचणी झाली, पण तेवढ्यावर उपचार ठरवावा असं काही त्यातून हाती आलं नाही. म्हणून डाळिंबसालीबद्दल मी एवढंच म्हणेन: यंत्रणा समजण्यासारखी आहे, परंपरा जुनी आहे, पुरावा अर्धवट आहे.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. फळाची साल वेगळी आणि डाळिंबाच्या झाडाची, विशेषतः मुळाची, साल वेगळी. मुळाच्या सालीत पेलेटिएरीन वर्गातली अल्कलॉइडं असतात. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये तान्रे यांनी ती वेगळी काढली आणि पट्टकृमीवर ती वापरली गेली. मात्रा चुकली तर डोळ्यांवर परिणाम करणारं हे विषारी औषध आहे. दुकानातून नुसती ‘डाळिंबाची साल’ मागून घरी काढा करणाऱ्याला हा फरक ठाऊक असलाच पाहिजे.

डाळिंबानंतर लिंबूवर्ग. खरं सांगायचं तर पोटाच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे, आणि तो आपल्या शेजारी, ढाक्यात तयार झाला. सालीच्या आतलं पांढरं अस्तर पेक्टिनने भरलेलं असतं. वाळलेल्या लिंबूवर्गीय सालीत ते साधारण वीस ते तीस टक्के निघतं, आणि जॅम घट्ट करायला जगभर वापरतात ते पेक्टिन मुख्यतः इथूनच येतं. ढाक्यातल्या अतिसार संशोधन केंद्रात, चौदा दिवसांहून जास्त जुलाब चाललेल्या ५ ते १२ महिन्यांच्या ६२ मुलांवर एक चाचणी झाली. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना भाताच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं दिलं, काहींना पेक्टिन, काहींना नुसती पेज. चौथ्या दिवशी केळ्याच्या गटातली ८२ टक्के, पेक्टिनच्या गटातली ७८ टक्के आणि नुसत्या पेजेच्या गटातली २३ टक्के मुलं बरी झालेली होती. कारणही समजतं. पेक्टिन लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवून लहान साखळीची मेदाम्लं बनवतात, आणि त्या आम्लांमुळे आतडं मीठ आणि पाणी परत शोषून घेतं.

या निकालाचा अर्थ मोसंबीची साल किसून बाळाला चाटवावी असा अजिबात नाही. पेक्टिन सालीतून सौम्य आम्लाच्या गरम पाण्यात काढतात, अल्कोहोलने साकळवतात, धुतात. तेल, कडवटपणा, फवारणीचे अवशेष मागे राहतात. शिवाय ती मुलं रुग्णालयात देखरेखीखाली होती. तान्ह्याला जुलाब झाले की पहिला उपाय जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, आणि दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून एकत्रितपणे हेच सांगत आहेत. जुलाबात जीव जातो तो शरीरातलं पाणी आटल्याने. साल जुलाब थोडे घट्ट करेलही, पण गेलेलं पाणी भरून काढणार नाही. आणि आपल्या शहरासारखं जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि घरोघरी ड्रम भरून ठेवावे लागतात, तिथे पोट बिघडणं नवं नाही. जायकवाडी धरणाचं पाणी शहराला रोज पुरेल तेव्हा जुलाब जितके कमी होतील तितके कुठल्याच सालीने होणार नाहीत, हेही बोलून टाकलेलं बरं.

लिंबूवर्गीय सालीतलं दुसरं द्रव्य हेस्पेरिडिन. १८२८ मध्ये लेब्रेतों यांनी ते सालीच्या पांढऱ्या अस्तरातून पहिल्यांदा वेगळं केलं. आज कुठल्याही मेडिकलमध्ये मूळव्याधीसाठी मिळणाऱ्या डायोस्मिनच्या गोळ्या बहुधा याच हेस्पेरिडिनपासून बनवलेल्या असतात. मूळव्याधीवर अशा द्रव्यांचा उपयोग तपासणारा एक व्यापक आढावा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये काढला आणि रक्तस्राव, खाज, स्राव यांत फायदा नोंदवला. फळाच्या सालीतून निघून पचनसंस्थेच्या आजारावर डॉक्टरच लिहून देतात असं औषध शोधायला दूर जायची गरज नाही, ते गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. फक्त चिठ्ठी लिहिणारा आणि गोळी घेणारा दोघांनाही त्याचा उगम सहसा आठवत नाही.

पूर्वेकडे याच सालीचं शास्त्र फार पुढे गेलेलं आहे. चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतातल्या शिन्हुईची वाळवलेली मँडरिनची साल प्रसिद्ध आहे. तिला चेनपी म्हणतात, ती किमान तीन वर्षं मुरवतात, आणि जितकी जुनी तितकी तिची किंमत चढते. पोट फुगणं, मळमळ, भूक न लागणं यांवर ती वापरतात. जपानमध्ये रिक्कुनशितो नावाच्या आठ वनस्पतींच्या औषधात हीच साल एक घटक असते. अपचनाच्या रुग्णांवर त्याची यादृच्छिक चाचणी झाली, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, आणि लक्षणांत सुधारणा दिसली. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक स्रवण्यात सालीतल्या फ्लॅव्होनॉइडांचा हात असावा, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून त्या आधीच पुढे आलं होतं. अर्थात आठ घटकांतलं श्रेय एकट्या सालीला देता येत नाही.

आपल्या शहरालाही असा वारसा आहे, फक्त त्याच्याकडे या नजरेने पाहिलं गेलं नाही. निजामाच्या राजवटीत युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, आणि युनानी औषधसंग्रहात जवारिश पोस्त-ए-तुरंज नावाचं पाचक आहे. तुरंज म्हणजे महाळुंग, पोस्त म्हणजे साल. जाड सालीच्या, रस जवळजवळ नसलेल्या या लिंबाची साल हाच त्याचा उपयोगी भाग. जवारिशीत ती मसाल्यांबरोबर पाकात मुरवलेली असते आणि जेवणानंतर चमचाभर घेतात. आपलं मुरलेलं लिंबाचं लोणचं याच जातीचं. त्यात साल फेकली जात नाही, ती मुरवली जाते. आजाऱ्याच्या ताटात मऊ भाताबरोबर जुन्या लोणच्याची फोड देणारी आजी या औषधशास्त्राची जाणकारच असते.

बाकीच्या साली झपाट्याने बघून घेऊ. केळ्याच्या सालीत तंतू आणि पेक्टिन भरपूर आहे, पण ढाक्याच्या चाचणीत वापरला तो गर होता, साल नव्हे. कलिंगडाच्या हिरव्या सालीखालचा पांढरा भाग भाजीत, थालीपिठात जातो. त्याला औषध म्हणण्यापेक्षा चांगलं अन्न म्हणावं. आंब्याच्या सालीत मँगिफेरिन आहे, आणि हिमायतबागेतल्या संशोधन केंद्रापासून मराठवाड्यातल्या बागांपर्यंत केसर आंबा भरपूर पिकतो, पण चिकामुळे काहींच्या ओठांना फोड येतात. बिब्ब्याच्याच कुळातलं हे झाड, तेव्हा आंब्याच्या सालीची पूड पोटात घेण्याची घाई नको.

आणि एक साल पोटात जाताच कामा नये: सीताफळाची. दौलताबादची सीताफळं प्रसिद्ध, बीडच्या सीताफळाला तर मानांकन. या झाडाच्या बियांत आणि इतर भागांत ॲसिटोजेनिन नावाची पेशींना घातक द्रव्यं असतात. बियांची पूड उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर मोठी इजा होते. कॅरिबियन बेटांवर याच कुळातल्या फळांच्या आणि पानांच्या दीर्घ सेवनाचा कंपवातासारख्या मज्जाविकाराशी संबंध असल्याचं १९९९ मध्ये नोंदलं गेलं. ‘साल नैसर्गिक आहे, मग अपाय कसला’ असं म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे आहे.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल सालींच्या गुणगानात सगळ्यात कमी लिहिलं जातं. फवारणी. फळावर मारलेलं जे काही असतं ते आधी सालीवर बसतं. डाळिंबावर तेल्या रोग आला की बागायतदार बोर्डो मिश्रण मारतात; २०२४ मध्ये बंदी येईपर्यंत स्ट्रेप्टोमायसीन या प्रतिजैविकाची औषधंही मारत. मोसंबीवर कोळी, मावा, बुरशी यांसाठी वेगवेगळी रसायनं जातात. बाहेरून येणाऱ्या लिंबूवर्गीय फळांवर काढणीनंतर बुरशीनाशक आणि मेण चढवतात. गर खाताना आपण हे सगळं सालीसह फेकतो. साल वाळवून पूड केली की तेच एकवटून चमच्यात येतं. पाण्याने धुवून बराच भाग जातो, पण सालीत मुरलेलं जात नाही. जुलाबावरचा उपाय म्हणून घेतलेल्या सालीतून, बंदी पाळली गेली नसेल तर, नकळत प्रतिजैविकाचा अंश पोटात जावा, ही शक्यता मला सगळ्यात अस्वस्थ करते, कारण आतड्यातल्या ज्या जिवाणूंकडून पेक्टिनचं आणि टॅनिनचं चांगलं काम करून घ्यायचं त्यांनाच ते मारतं.

औषधांशी होणारा संघर्षही आहे. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्र्यात फ्युरॅनोकुमारिनं असतात. आतड्यातलं औषधं मोडणारं विकर ती बंद पाडतात, आणि रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा जोर धोकादायक वाढतो. गोड मोसंबीत ही भीती फार कमी. टॅनिनाची गोष्ट मात्र आपल्या दाराशी येते. ते अन्नातल्या आणि गोळीतल्या लोहाला बांधून ठेवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या चालू असताना रोज डाळिंबसालीचा काढा घेणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेणं.

मग मराठवाड्याने करावं काय? मला वाटतं उत्तर ज्यूस सेंटरच्या ढिगात नाही, बागेत आहे. मोसंबीच्या बागायतदाराचं जुनं दुखणं म्हणजे फळगळ. पाऊस लांबला, मध्येच झोडपून गेला, बुरशी आली, की सुपारीएवढ्या फळापासून लिंबाएवढ्या फळापर्यंत झाडाखाली सडा पडतो. ही फळं विकली जात नाहीत, कुजतात, उलट रोग पसरू नये म्हणून शेतकऱ्याला ती वेचून पुरावी लागतात. पण हेस्पेरिडिनचं प्रमाण सर्वाधिक असतं ते पिकलेल्या फळात नाही, कोवळ्यात. जगात त्याच्यासाठी कच्चा माल म्हणून लहान, अपक्व संत्रीच वापरतात, आणि चिनी वैद्यकात पोटासाठीच्या दोन वेगळ्या औषधी अशाच कोवळ्या फळांपासून व हिरव्या सालीपासून होतात. म्हणजे आज खड्ड्यात जाते तीच फळगळ हिरड्या-आमसुलासारखी मुद्दाम गोळा केली, तर ती कचरा न राहता माल होईल.

त्यासाठी अटी कडक आहेत. फळ गळाल्यावर एक-दोन दिवसांत उचललं पाहिजे, नाहीतर बुरशी आणि तिची विषं येतात. बुरशी लागून गळालेलं फळ बाजूला काढायचं. त्या बागेतल्या फवारणीची नोंद हवी, शेवटची फवारणी आणि वेचणी यांत पुरेसं अंतर हवं, वाळवण पत्र्याखाली धूळ न लागता हवं, आणि प्रत्येक खेपेची अवशेष-तपासणी हवी. बदनापूरचं केंद्र कुठल्या वयाच्या फळात किती हेस्पेरिडिन आहे याचं कोष्टक बनवू शकेल, शहरातल्या विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग अर्क प्रमाणित करू शकेल, आणि शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मूळव्याधीचे व अपचनाचे रुग्ण रोज येतातच. एक नीट आखलेली, नैतिकता समितीची परवानगी घेतलेली चाचणी तिथे उभी राहू शकते. तोवर घरात ज्याला करायचंच आहे त्याने स्वतःच्या किंवा ओळखीच्या बागेतल्या, न फवारलेल्या झाडाची फळं आणावीत, लोणचं मुरवावं, आमसूल वापरावं. विकतच्या फळाच्या सालीची पूड करून खाऊ नये.

या सगळ्यात पहिला आकडा मात्र प्रयोगशाळेचा नाही. फळगळीच्या दिवसांत बायामाणसांना वेचणीला लावलं तर एकराला किती मजुरी पडते, त्यातून वाळलेला माल किती निघतो आणि हेस्पेरिडिन काढणारे कारखाने किलोला काय देतात, हा हिशेब आधी पाचोडच्या बाजारात बसून मांडावा लागेल. तो जमला तर शेतकरी फळगळ पुरायचं स्वतःहून थांबवेल.